इन्व्हर्टरवरचं दही

दाजी, परवा तुमच्या तळवड्याच्या घरात, तुमच्याच ओट्यापाशी उभा राहून मी हिरव्या मिरच्यांची देठं खुडत होतो. मिरच्या बाजूला, देठं वाटीत. तुमच्या आत्या दारात येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग आक्काकडे जाऊन हळूच म्हणाल्या, "तुझ्या भावाला जरा पडायला सांग गं. लई मनाला लावून घेतलंय त्यानं."

आक्का म्हणाली, "दही लावतोय तो."

 त्यानंतर आत्या माझ्या हातचा चहा घेताना आधी कपाचा वास घेऊन बघायच्या.

मी तिथं कसा पोचलो ते तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण तुम्ही असतात तर हसून हसून खाली बसला असतात. तुम्ही गेलात आणि तुमच्या भावकीला सुतक लागलं. आक्काला शेगडीशी जाता येईना. मी पडलो तिच्या माहेरचा. आमची ही हिंजवडीच्या कॅबमधून सुटून तळवड्याला पोचेपर्यंत लोकांची जेवणं होऊन जायची. म्हणजे त्या घरात स्वयंपाक करायची मुभा असलेला एकच प्राणी उरला, आणि तो मी. ज्याला तुम्ही स्वतः एकदा पातेलं घासताना म्हणाला होतात, "सुधीरराव, तुमाला पाणी उकळायला दिलं तरी तळाला लागंल."

तरीही गेला दीड आठवडा घर जेवलं, दाजी. माझ्या हातचं. ही गोष्ट तुमच्याशिवाय कुणालाच नीट कळणार नाही.

माझी साखर वाढली तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद सांगितलं. आमच्या सांगवीच्या घरात बाहेरचं बंद म्हणजे खाणंच बंद, कारण नवराबायको दोघंही घरी येतो ते दमून सोफ्यावर आडवं व्हायला. तुम्हाला हे आक्काकडून कळलं. तुमचा फोन आला. "रविवारी या." मी म्हटलं, जेवायला? तर म्हणालात, "न्हाई. ट्रेनिंगला."

चाकणच्या कंपनीत तुम्ही आयुष्यभर प्रेसवरचे साचे बदलले. एक साचा उतरवायचा, दुसरा चढवायचा. तेवढा वेळ मशीन उभं राहतं आणि सगळे तोंडाकडे बघत बसतात. म्हणून तुम्ही पाने, बोल्ट, पट्ट्या, सगळं मशीन चालू असतानाच काढून ठेवायचात. मीही चाकणलाच, पण ऑफिसात, एसीत, खरेदी विभागात. पाना मी फक्त कोटेशनमध्ये बघितलेला. त्या रविवारी मी तेल तापत ठेवलं आणि मोहरी शोधायला लागलो. तेल धुरायला लागलं. तुम्ही गॅस बंद केलात, खिडकी उघडलीत आणि शांतपणे म्हणालात, "मशीन बंद पडल्यावर पाना शोधायचा न्हाई, राव."

तुमच्या ओट्यामागच्या भिंतीवर तो निळा पत्रा. त्यावर पळी, झारा, सांडशी, किसणी, प्रत्येकाची पांढऱ्या रंगानं काढलेली बाह्यरेषा. कंपनीत हत्यारांसाठी असतो तसा. काय जागेवर नाही ते लांबूनच दिसायचं. आक्का लग्न झाल्यापासून त्यावर वैतागलेली. "पाहुणे विचारतात, ही कसली चित्रं काढलीत म्हणून." पण त्या पत्र्यापुढं मी शिकलो. रात्री मूग भिजवायचे. कोबी आदल्या दिवशी चिरून डब्यात. ज्वारीच्या पिठात किसलेला दुधी, कांदा, ओवा, आणि तव्यावर धिरडं. एका बाजूला कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर दुसऱ्या बाजूला कोशिंबीर, त्यात दाण्याचं कूट आणि लिंबू. दूध नाही, तूप नाही, दही म्हणाल तर शेंगदाण्याचं. मी म्हटलं, दाजी, हे सगळं फॅशनवालं खाणं आमच्यासारख्याला झेपायचं नाही. तुम्ही हसलात.

"फॅशन? आमच्या घरात हेच असायचं. पिठलं, भाकरी, ठेचा, मटकी."

"तुमच्या घरी तर गोठा होता. म्हशी होत्या."

"व्हत्या की. दूध डेरीला जायचं. आमाला कोन देतंय?"

माझा तुमच्याशी वाद एकाच गोष्टीवरून होता आणि तो अजून मिटलेला नाही. वरणावर तूप नसेल तर ते वरण नाही, पिवळं पाणी आहे, असं माझं म्हणणं. तुम्ही लसूण लाल करून शेंगदाण्याचं तेल वरून सोडायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात. मी तोंड सरळ ठेवायचो. खरं सांगायचं तर ते फार चांगलं लागायचं. आणि तितकंच खरं हे की मी आजही घरी वरणावर तूप घेतो. तुम्ही मला कधी सोड म्हणाला नाहीत. उलट मी आलो की माझ्यासाठी दुधाचा चहा स्वतः करायचात, आक्काला उठू द्यायचा नाहीत. आलं ठेचून घालायचात, उतू जायच्या आत बरोबर गॅस बारीक करायचात. फक्त चव बघता यायची नाही. मग कप हातात देऊन उभे राहायचात. "साखर बरोबर हाय का?" मी पहिला घोट घेईपर्यंत तुम्ही हलायचा नाहीत. स्वतः न पिणाऱ्या माणसाचा इतका चांगला चहा मी दुसरीकडे कुठं प्यायलो नाही. हे तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. मेहुण्यानं दाजींचं कौतुक तोंडावर करायची आपल्यात पद्धत नाही म्हणा.

तुम्ही दूध का सोडलंत हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत. आपण भिजवलेल्या शेंगदाण्यांची सालं काढत बसलो होतो. तुमच्या थोरल्या भावाच्या, नानांच्या गोठ्यात म्हैस व्याली होती, रेडकू झालं होतं. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीला गावाला. ते अशक्त, म्हणून तुम्ही त्याला बाटलीनं पाजायचात.

"माझ्या मागं मागं संडासच्या दारापोतर यायचं," तुम्ही म्हणालात. "भाईर उभं राहून हंबरायचं. लाज वाटायची राव."

सुट्टी संपली, तुम्ही ड्यूटीवर आलात. पुढच्या खेपेला गेलात तर ते नव्हतं. नाना म्हणाले, टिकलं नाही.  चहा आला. तुम्ही म्हणालात, नको.

"नानाची चूक न्हाई, सुधीरराव. रेडा पोसून त्यानं खायचं काय? त्याला दुसरं काय करता येत न्हवतं. मला चहा पिता येत न्हवता. एवढंच."

पण नानांना ते एवढंच वाटलं नाही. तुमचे वडील लवकर गेले, तेव्हा नाना शाळा सोडून गोठ्यात उभे राहिलेले. त्यांनी तुम्हाला आयटीआयला घातलं. आणि त्याच घरात, त्यांच्याच समोर, धाकट्या भावानं कप परत केला. "ह्याच दुधावर तुझा आयटीआय झाला, दिनू," एवढं एकच वाक्य ते बोलले. त्यानंतर भांडण नाही, काही नाही. नाना तुमच्याकडे यायचे तसेच येत राहिले, आक्कासाठी दुधाची किटली घेऊन. सोफ्यावर बसायचे, गावाकडचं सगळं सांगायचे, पाणी प्यायचे. जेवणाचं निघालं की म्हणायचे, "जेवून आलोय." सकाळी आले तरी जेवून आलोय, दुपारी आले तरी जेवून आलोय.

आणि तुम्ही प्रत्येक वेळी त्यांचं ताट काढायचात. तुमच्या लग्नात त्यांनीच दिलेलं ते स्टीलचं मोठं ताट, काठावर त्यांचं नाव आणि 'सप्रेम भेट' कोरलेलं. भात करायचात, उसळ करायचात, इन्व्हर्टरवरनं दही उतरवायचात. नाना उठायचे, चपला घालायचे. ते गेले की आक्का ताट उचलायला हात पुढं करायची, तर तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे, मी ठेवतो." कोरड्या फडक्यानं ते पुसायचात, घासायचं काही कारणच नसायचं, आणि रॅकमध्ये त्याची पांढरी रेषा काढलेली होती तिथं उभं करायचात. "पुढच्या टायमाला," असं म्हणायचात. कुणाला म्हणायचात ते माहीत नाही.

मला तुमच्या बाकी कुठल्या इच्छेबद्दल काही ठाऊक नाही, दाजी. तुम्ही मागणाऱ्यातले नव्हतात. पण ही एक मला ठाऊक होती. नानांनी एकदा तुमच्या घरी जेवावं.

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्यांनी जे बोलायचं ते बोललेच. एवढ्या पालेभाज्या खाऊन शेवटी काय मिळालं. दूध-दही सोडलं, अंगात जीव कुठनं राहणार. एक जण तर माझ्या हातचं धिरडं खात खात हे म्हणाला, आणि दुसरं मागितलं. मला राग आला. पण खरं सांगू, राग यायच्या आधी क्षणभर मलाही तोच प्रश्न पडला होता. मग तुम्हीच आठवलात. मी एकदा चिडवलं होतं की एवढं पथ्यानं खाताय तर शंभरी गाठणार, त्यावर तुम्ही म्हणाला होतात, "मी काय अमर व्हायला पालक खातोय का? भूक लागती म्हणून खातोय." त्या माणसाला मी दुसरं धिरडं वाढलं.

मग दहावा आला. दहाव्याला घाटावर दहीभात लागतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आदल्या सकाळी आत्या आक्काला म्हणाल्या, "दह्याची काळजी करू नको. नाना घरचं आणणार हाय."  आक्कानं नुसतं माझ्याकडं बघितलं. तिला तेवढंच पुरतं, लहानपणापासून.

मी शेंगदाणे भिजत घातले. दुपारनंतर सालं काढली, वाटले, पंच्यातून गाळले, मंद आचेवर ढवळत गरम केले. खाली लागू दिलं नाही, याची नोंद घ्या. बोट बुडवून कोमट झालंय का बघितलं. आणि मग, दाजी, माझ्या हातानं काय करावं? सरळ फ्रीज उघडला, नानांच्या दुधाचं दही होतं त्यातलं चमचाभर घेतलं आणि टोपात घालून ढवळलं. आईला, मावशीला, बायकोला दही लावताना आयुष्यभर असंच बघितलेलं. हाताला दुसरं काही माहीतच नाही.

"सुध्या," आक्का मागून म्हणाली, "तो चमचा कशातनं आला?"

मी टोपाकडे बघत राहिलो. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात चमचा, आणि रडू नेमकं तिथं फुटलं. तुम्ही गेलात त्या दिवशी नाही, नेताना नाही. दह्याच्या टोपापुढं. आक्कानं पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. ती म्हणाली, "दुसरे दाणे गरम पाण्यात भिजव आता. लवकर भिजतात. ते तसंच करायचे घाईत असले की." आणि खाली बसून, दाणे भिजल्यावर, तीच सालं काढायला लागली. आत्या म्हणाल्या, सुतकात हात लावू नये. आक्का म्हणाली, "सालं तर टाकायचीच आहेत, आत्या. तेवढी काढू द्या मला."

तर त्या संध्याकाळी मी मिरचीची देठं खुडत होतो ते यासाठी. दुधाचा थेंब नसलेलं विरजण. तुमची ती देठं बघून मी किती हसलो होतो. म्हणालो होतो, यानं दही लागलं तर मी कंपनीला चालत जाईन. पहिल्यांदा लागलं तेव्हा तुम्ही वाटी पुढं करून फक्त विचारलंत, "कधी निघताय चालत?"

टोप इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवला, तिथं ऊब असते म्हणून. आक्का आत गेली आणि तुमचं कंपनीचं जर्किन घेऊन आली. तुम्ही त्यातच गुंडाळायचात. तिनं स्वतः गुंडाळलं, चेन वरपर्यंत ओढली, बाह्या पुढं घेऊन गाठ मारली. नंतर हात जरा वेळ तसाच ठेवला. जर्किनाला अजून मशीनच्या तेलाचा वास आहे.

सकाळी दही लागलेलं होतं. थोडं सैल, पण लागलेलं.

घाटावर जो तो तुमच्या आवडीचं घेऊन आलेला. तुमच्या शिफ्टमधल्या एकानं वडापाव आणला होता. म्हणाला, "साहेब लपून खायचे." वडापावात दूध नसतं, त्यात लपवायचं काय होतं तुम्हालाच ठाऊक. नाना चाकणच्या ट्रॅफिकमधून टेम्पो स्वतः चालवत आले. हातात गाडगं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. तुमचा पुतण्या विधीला बसला होता. गुरुजींनी मान वर करून विचारलं, "दही कुणी आणलंय?"

नाना पुढं झाले. मीही झालो. माझ्या हातात डबा. छातीत इतकं धडधडत होतं की वाटलं आता माझाही नंबर लागतो.

नानांनी डब्याकडं बघितलं. "ह्यात काय?"

"शेंगदाण्याचं दही. दाजी खायचे ते."

आत्या मागून म्हणाल्या, "पिंडाला म्हशीचंच लागतं. असलं चालत न्हाई."

गुरुजी समंजस. म्हणाले, "घरातून आलेलं दही पाहिजे, एवढंच," आणि दर्भ नीट करायला लागले. सगळे नानांकडं बघायला लागले. नानांनी गाडग्यावरच्या फडक्याची गाठ अर्धी सोडली होती.  मग ती गाठ परत बांधली.

"तुझ्यातलं घाल," मला म्हणाले. "त्यो आमचं खात न्हवता. आता तरी कशाला बळजबरी."

कावळा आला. लगेच आला. मी त्यात काही अर्थ शोधत नाही, दाजी. तिथले कावळे कंपन्यांच्या कॅन्टीनवर पोसलेत, ते काहीही खातात. पण नानांनी हात जोडले आणि मीही जोडले. काही का असेना.

घरी आलो तेव्हा सगळे भुकेले. पहाटे उठून मी मूग शिजवून ठेवले होते, भात तयार होता, धिरड्याचं पीठ कालवलेलं होतं, मोहरी तेलाच्या आधी हाताशी होती. मशीन एका मिनिटासाठीही उभं राहिलं नाही. पंगत बसली. आदल्या दिवशी माझ्या चमच्यानं बाटलेला तो टोप आत्यांपुढं ठेवला, कशाचा ते न सांगता. त्या म्हणाल्या, "ह्याला म्हनत्यात दही."

नाना दाराशी उभे होते. चपला पायातच. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं असावं, पण त्या दिवशी 'जेवून आलोय' म्हणायची सोय नव्हती. दहाव्याला विधी झाल्याशिवाय कुणी काही खात नाही, हे तेच सगळ्यांना सांगत आलेत. आक्कानं रॅकमधून ताट काढलं आणि भिंतीशी पाट मांडून त्यापुढं ठेवलं. 

नानांनी चपला काढल्या. पाटावर बसले. काठावरचं नाव अंगठ्यानं चाचपलं. मी उसळ वाढली, भात वाढला. ते हात लावेनात. मग खाली बघतच म्हणाले, "सकाळचं त्यातलं उरलंय का?"

मी डबा आणला. त्यांनी भातात कालवलं, घास घेतला, चावत राहिले. आम्ही उभे. मला एकदम कळलं की तुम्ही चहाचा कप देऊन का हलायचा नाहीत.

"मीठ कमी हाय," नाना म्हणाले.

मी मिठाची बरणी आणायला वळलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याचा हात असाच. आई गेल्यावर सैपाक त्योच करायचा. एवढासा व्हता, पाटावर उभा ऱ्हायचा तवा चुलीवर हात पोचायचा. मी गोठ्यातनं यायचो तर ताट वाढून बसलेला. रोज अळणी. मी काय बोलायचो न्हाई, गप खायचो. बोललो असतो तर त्यो जेवला नसता."

हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत, दाजी. आक्कालाही माहीत नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला.

मीठ मी घातलं होतं, हे मी नानांना सांगितलं नाही. पण चमचा तुमचाच होता, तुमच्या बरणीतला, आणि माप तुम्ही शिकवलेलं. नानांनी ताट पुढं केलं.

"वाढ अजून."

सगळे गेल्यावर आक्काला मी उठू दिलं नाही. ते ताट मीच घेऊन सिंकपाशी गेलो. काठावरच्या कोरलेल्या अक्षरांत दहीभात अडकला होता, आत सुकून बसला होता. काथ्यानं निघेना. शेवटी बारीक ब्रश शोधून एकेक अक्षर घासलं. पुसलं, आणि रॅकमध्ये तुमच्या पांढऱ्या रेषेत उभं केलं. खालून थोडं पाणी ठिबकत होतं.